गिरगावच्या आरपार वाटांसाठी

मा. महापालिका आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,


ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावू लागली आणि गिरगाव, काळबादेवी ही भुयारी स्थानके मुंबईकरांना खुली झाली. आता गिरगावात येणारा माणूस थेट वस्तीच्या मधोमध वर येतो आणि पहिल्या पावलापासून तो पादचारी असतो. त्याच गिरगावात आज जुन्या चाळींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत, आणि त्यांचे नकाशे आपल्या इमारत प्रस्ताव विभागाच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात, यासाठी हे पत्र. माझे म्हणणे असे, की नाटक, संगीत, सिनेमा, छपाई आणि सार्वजनिक चळवळी यांना गिरगावने जे दिले, ते तिथल्या पायी कापता येणाऱ्या अंतरांमुळे आणि एका रस्त्यावरून शिरून दुसऱ्या रस्त्यावर निघणाऱ्या गल्ल्यांमुळे देता आले. इमारती बदलतील, बदलायलाच हव्यात. पण या वाटा जमिनीच्या पातळीवर, उघड्या आकाशाखाली, दोन्ही टोकांना खुल्या राहतील, अशी अट पुनर्विकासाच्या प्रत्येक परवानगीत महापालिकेने घालावी.

गिरगाव नकाशावर किती लहान आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरले की जवळच केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. संघाची स्थापना १९३५ ची, आणि त्याचे डॉ. अ. ना. भालेराव नाट्यमंदिर १९६४ पासूनचे. तिथून जगन्नाथ शंकरशेठ मार्ग गाठायला, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत गिरगाव रोडवर यायला, थोडीच मिनिटे लागतात. या रस्त्याच्या आणि व्ही. पी. रोडच्या मध्ये खोताची वाडी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना जमिनी दिल्या आणि लाकडी सज्जांची, बाहेरच्या जिन्यांची ही वस्ती उभी राहिली. याच परिसरात खटाववाडी, मुगभाट, फडकेवाडीचे गणपती मंदिर, आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे मंदिर आहे. जुन्या कांदेवाडीला आता खाडिलकर रोड म्हणतात, तिथे केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. उत्तरेला ऑपेरा हाऊस, दक्षिणेला ठाकूरद्वार. हे सगळे जेमतेम दीड किलोमीटरच्या पट्ट्यात मावते. एखाद्या शहराच्या सांस्कृतिक इतिहासाचा इतका मोठा भाग इतक्या थोड्या जागेत घडलेला क्वचितच सापडेल, आणि तो तसा का घडला याचे उत्तर त्या जागेच्या रचनेत शोधावे लागते.

सिनेमाचे उदाहरण घेऊ. एप्रिल १९११ मध्ये दादासाहेब फाळके यांनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि आपल्या देवादिकांचे चित्रपट काढायचा ध्यास त्यांना तिथे लागला. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये लागला. प्रेक्षक ते निर्माता हा प्रवास दोन वर्षांचा, आणि त्याची दोन्ही टोके एकाच वस्तीत. पुढे १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ मॅजेस्टिकमध्ये झळकला, तेही गिरगाव रोडवर. त्या चित्रपटगृहाच्या सान्निध्यात सुरू झालेल्या पुस्तकांच्या स्टॉलने मॅजेस्टिक हेच नाव घेतले आणि त्यातून मराठीतले एक महत्त्वाचे प्रकाशनगृह वाढले. सिनेमाला आलेला माणूस पुस्तकाशी थांबतो, कारण तो पायी आलेला असतो, पायीच परत जाणार असतो आणि दुकान त्याच्या वाटेवर असते. मॅजेस्टिक सिनेमा गेला, तिथे त्या नावाचे व्यापारी संकुल आले. मला त्याचे दुःख आहे, पण ते या पत्राचे कारण नव्हे. एक इमारत पडल्याने गिरगाव संपले नाही, कारण तिच्याभोवतीच्या वाटा चालू राहिल्या. वाटाच बंद झाल्या की काय होते, हा प्रश्न आज प्रथमच आपल्यापुढे आला आहे.

छपाईच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना शेजारच्या काळबादेवीत, कोलभाट लेनमध्ये होता. खटाववाडीत मौजेचा छापखाना आणि प्रकाशनगृह होते आणि तिथून ‘सत्यकथा’ निघत असे. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडेपर्यंत मराठी नवसाहित्याचा मोठा भाग त्या वाडीतून छापून बाहेर पडला. लेखक, संपादक, जुळारी, मुद्रितशोधक, बाइंडर आणि विक्रेता एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असले, की मजकूर सुधारण्याचा, वाद घालण्याचा आणि पुन्हा छापण्याचा खर्च जवळजवळ शून्य होतो. विरोधाचीही तीच गोष्ट. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती मौजेच्या दारात जाऊन. ज्या वस्तीत प्रस्थापितांचे कार्यालय आणि बंडखोरांची वर्दळ एकाच गल्लीत असू शकते, तिथे साहित्याला धार येते. त्या कार्यालयापुढे फाटक असते, रखवालदार असता आणि पाहुण्यांची नोंदवही असती, तर हे घडले नसते असे मी ठामपणे म्हणेन. आजही खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकाने ओळीने आहेत. तो व्यवसाय त्या एकाच रस्त्यावर टिकला, याचे कारण गिऱ्हाईक दहा दुकाने चालत पाहू शकते आणि कागद, छपाई, सोनेरी ठसा, पाकिटे हे सारे आसपास मिळते.

संगीताचा इतिहास तर वाटांवाचून सांगताच येत नाही. प्रा. बा. र. देवधरांनी १९२५ मध्ये ऑपेरा हाऊसजवळ संगीताची शाळा काढली. कुमार गंधर्व तिथे शिकले आणि देशभरातले गवई तिथे येऊन बसले. लक्ष्मीबाग, ब्राह्मण सभा इथल्या मैफली ऐकायला येणारा श्रोता आसपासच्या चाळींतला कारकून, शिक्षक, पेढीवरचा गुमास्ता होता. रात्री उशिरा मैफल संपल्यावर पायी घरी जाता येत असल्यामुळेच तो तिथे बसू शकत होता. केनेडी ब्रिजच्या बाजूला तवायफा, सारंगिये, तबलजी राहत. सभ्य समाजाने त्यांना दूर ठेवले तरी त्यांची कला त्याच गल्ल्यांतून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यापर्यंत पोचली. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. गिरगावच्या वाड्या समतेची बेटे नव्हत्या. अनेक वाड्या एकेका जातीच्या होत्या आणि परजातीच्या भाडेकरूला त्यांत खोली मिळत नसे. त्या गल्ल्या सगळ्यांना सारख्याच मोकळ्या होत्या, असा दावा मी करणार नाही. पण घराचा उंबरठा जितका कडक होता तितकी गल्ली कडक नव्हती. पाठारे प्रभू, सारस्वत, ब्राह्मण, ईस्ट इंडियन, पारशी, गुजराती यांची घरे वेगळी राहिली, तरी त्यांच्या वस्त्यांमधून ये-जा चालू होती, आणि कलेला लागणारी भेसळ त्या ये-जा करण्यातून झाली. आज आपण बांधत असलेल्या संकुलांत उंबरठा वाडीच्या तोंडाशी येऊन ठेपला आहे. जुन्या गिरगावातले जे उदार होते ते जाते आहे आणि जे संकुचित होते ते काँक्रीटमध्ये पक्के होते आहे.

सण-उत्सव हाही याच गोष्टीचा पुरावा. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि १९०१ मध्ये लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले. आजही तिथली लहान मूर्ती पालखीतून विसर्जनाला जाते. निकदवरी लेनमधल्या गिरगावच्या राजाची मूर्ती शाडूची असते. गुढीपाडव्याची शोभायात्रा गिरगावच्या रस्त्यांवरून पायीच निघते आणि घराघरांतली माणसे तिला येऊन मिळतात. हे उत्सव पाहायला येणाऱ्यांची गर्दी आपण मोजतो, बंदोबस्त लावतो, वाहतूक वळवतो, म्हणजे वर्षातले काही दिवस महापालिका स्वतःच मान्य करते की हा भाग चालणाऱ्यांचा आहे. उरलेल्या दिवसांसाठी ती मान्यता का नसावी?

आता पुनर्विकासात नेमके काय घडते ते पाहू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि घरमालकांनी दुरुस्ती सोडून दिली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि उपकर सुरू झाला. तेव्हा दक्षिण व मध्य मुंबईत अशा उपकरप्राप्त १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या होत्या. त्यांतल्या हजारो अजून उभ्या आहेत आणि गिरगावच्या बहुतेक चाळी त्यांतच मोडतात. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली एकेक उपकरप्राप्त इमारत पाडून बांधता येते. ३३(९) खाली शहर भागात किमान ४,००० चौरस मीटरचा समूह करावा लागतो आणि त्या बदल्यात जास्त चटईक्षेत्र मिळते. समूहाची कल्पना वाईट नाही. पण चार भूखंड एकत्र केले की त्यांच्या मधल्या बोळांचे कागदावर काही उरत नाही. ते बोळ बहुधा खाजगी भूखंडांच्या पोटात असतात, विकास आराखड्यात रस्ता म्हणून त्यांची नोंद नसते, आणि म्हणून त्यांच्यावर फुली मारायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. मग खालचे तीन-चार मजले गाड्यांच्या पार्किंगचा पोडियम होतो, भोवती भिंत येते, गाड्यांसाठी रॅम्प येतो, आणि दोन तोंडांच्या वाडीला एकच तोंड उरते. त्या तोंडाशी फाटक. रस्त्यावरून जाणाऱ्याला शंभर पावले सलग भिंत दिसते, तिच्यात ना दुकान, ना ओटा, ना खिडकी. पोस्टमन, दूधवाला, शाळेतली मुले, क्लासला निघालेली मुलगी, नाटकाला निघालेले म्हातारे जोडपे, या सगळ्यांचा जवळचा रस्ता लांबचा होतो. म्हाताऱ्या जोडप्याच्या बाबतीत लांबचा म्हणजे पुष्कळदा बंदच.

या नुकसानीची नोंद कुठेही होत नाही, कारण आपली वारसा व्यवस्था इमारती पाहते. १९९५ पासून मुंबईत वारसा नियम आहेत, समिती आहे, श्रेणी आहेत. त्यांनी मोलाचे काम केले आहे. १९९३ मध्ये बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले, ही या शहराने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु गिरगावच्या चाळीला दगडी कमान नाही, घुमट नाही, नामांकित वास्तुविशारद नाही. लाकडी कठडा आणि सामायिक गॅलरी यांना श्रेणी देणे अवघड, आणि दिली तरी आतल्या माणसाच्या अडचणी सुटत नाहीत. खोताच्या वाडीला इतकी प्रसिद्धी मिळूनही तिथल्या साठाहून अधिक घरांपैकी निम्मीदेखील आज उरलेली नाहीत. इमारतीवर पाटी लावण्याच्या मार्गाने गिरगाव वाचणार नाही, हे मी मान्य करतो. वाट वाचवण्याचा मार्ग त्याहून स्वस्त आहे, त्यात रहिवाशाचा एकही चौरस फूट कमी होत नाही, आणि म्हणूनच तो आपल्यापुढे ठेवतो आहे.

पहिला आक्षेप मला माहीत आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लोक टेकू लावलेल्या इमारतींत राहतात, मजल्याला दोन सामायिक संडास असतात, पावसाळ्यात छत गळते, आणि बाहेरच्यांना गल्ल्यांचे कौतुक सुचते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. अशा वेळी पुनर्विकासाला अडथळा करणे हे क्रौर्य आहे. हे मला शब्दशः मान्य आहे. खोली सोडून संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे काढणाऱ्या कुटुंबाला चाळसंस्कृतीवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणूनच मी चाळी राखा असे म्हणत नाही. माझी मागणी तळमजल्याच्या नकाशापुरती आहे. वर चाळीस मजले उठवा, प्रत्येक भाडेकरूला स्वतःचे न्हाणीघर, लिफ्ट, उजेड मिळू द्या. फक्त खाली जिथून लोक आजवर ये-जा करत आले, तिथून पुढेही करू द्या. मूळ रहिवाशाचाच यात सर्वांत मोठा फायदा आहे, कारण नव्या घरात त्याला जागा जास्त मिळते, पण बाजार, शाळा, देऊळ, दवाखाना यांचे अंतर वाढले तर त्याच्या म्हातारपणाची किंमत त्यालाच मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अग्निशमनाचा. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली आणि तिच्याशी झुंजताना मुंबई अग्निशमन दलाने आपले वरिष्ठ अधिकारी गमावले. अरुंद गल्ल्या जीवघेण्या ठरतात, हे त्या दिवशी शहराने पाहिले. त्यामुळे मी रुंदीबद्दल हट्ट धरत नाही. गल्ली सहा मीटरची करा, वळणे सरळ करा, बंब फिरेल एवढी मोकळी जागा सोडा. पण बंबाला दोन्हीकडून शिरता येणारी वाट ही एकाच फाटकाच्या आवारापेक्षा अधिक सुरक्षित असते, आणि माणसांना बाहेर पडायलाही दोन तोंडे एकापेक्षा बरी. अग्निसुरक्षेची गरज आणि माझी मागणी यांत विरोध नाही. अग्निशमनासाठी सोडलेली मोकळी पट्टी आज कुंपणाच्या आत बंद असते. तीच पट्टी जुन्या वाटेच्या रेषेवर आणून दोन्ही टोकांना उघडी ठेवली, की दोन्ही कामे साधतात.

तिसरा आक्षेप मालकीचा. वाडी खाजगी, बोळ खाजगी, मग महापालिका तो सर्वांना खुला ठेवायला कशी सांगणार? याचे उत्तर आपल्याच कायद्यांत आहे. वीस वर्षे अखंड आणि उघडपणे चाललेल्या वहिवाटीतून हक्क निर्माण होऊ शकतो, हे तत्त्व १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने मानले आहे, आणि गिरगावच्या वाटांवरची वर्दळ तर शंभर-दीडशे वर्षांची आहे. प्रत्येक वाटेसाठी कोर्टात जावे असे मी सुचवत नाही. त्याची गरजही नाही, कारण पुनर्विकासात विकासक शासनाकडून काहीतरी मागत असतो. वाढीव चटईक्षेत्र हे सार्वजनिक देणे आहे, आणि त्याच्या बदल्यात रस्तारुंदीसाठी सेटबॅक घेण्याची पद्धत महापालिकेला नवीन नाही. त्याच हिशेबात वाटेची जागा बसते. शिवाय डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात किमान मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर न चढवता जमिनीवर ठेवण्याचा आग्रह धरला. मुलांनी खेळायची जागा जमिनीवर असावी, हे जितके उघड आहे तितकेच, चालण्याची वाट जमिनीवर असावी, हेही आहे. आयओडीच्या, म्हणजे प्राथमिक बांधकाम मंजुरीच्या, अटींत एक कलम वाढवण्याइतकेच हे काम आहे.

चौथा आक्षेप थोडा हळवा आहे. मराठी माणूस कधीच डोंबिवली-बोरिवलीला गेला, छापखाने गेले, खोताच्या वाडीतली अनंताश्रम खानावळ बंद झाली, मग आता वाटा कोणासाठी? हा आक्षेप घेणारी माणसे बहुधा गिरगाववर प्रेम करणारी असतात, त्यामुळे तो मला अधिक लागतो. पण कलेचा परिसर घडतो तो विशिष्ट कुटुंबांमुळे नव्हे. फाळके नाशिककडचे, कुमार गंधर्व बेळगावजवळचे, गवई तर साऱ्या देशातले. बाहेरून आलेल्याला इथे पाय टेकता आला, परवडेल अशी खोली मिळाली आणि ओळखी चालता चालता झाल्या, म्हणून ते घडले. साहित्य संघ अजून आहे, ऑपेरा हाऊस परत आले आहे, पत्रिकांची दुकाने आहेत, मेट्रोमुळे अंधेरी-वांद्र्याकडच्या तरुण कलावंताला गिरगाव आता पूर्वीपेक्षा जवळचे आहे. कलावंताला घर परवडण्याचा प्रश्न वाटेने सुटणार नाही, हे खरे. त्यासाठी तळमजल्यावरचे जुने गाळे, छापखाने, छोटी सभागृहे नव्या इमारतीतही रस्त्याकडे तोंड करून परत मिळायला हवीत. आज पुष्कळदा ती पोडियमच्या आत कुठल्यातरी मजल्यावर दिली जातात आणि गिऱ्हाईकाच्या नजरेआड जातात. चालणारा माणूस नसेल तर रस्त्याकडच्या गाळ्याला अर्थ नाही, आणि गाळा नसेल तर चालण्यात रस नाही. दोन्ही एकत्रच मागायला हवेत.

पर्यटनाबद्दल एक शंका माझ्याही मनात आहे. वस्ती पायी पाहणाऱ्यांचे जथे वाढले, की रहिवासी प्रदर्शनातली वस्तू होतो. खोताच्या वाडीत दाराशी उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांचा उपद्रव रहिवाशांना होतो आणि त्यांचा राग रास्त आहे. पण त्यावर अहमदाबादचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथल्या महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ पासून स्वतः वारसा पदयात्रा सुरू केली, काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, जुन्या पोळांमधून, म्हणजे तिथल्या गल्लीवस्त्यांमधून. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते शहर भारतातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले. एका पदयात्रेमुळे हे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण महापालिकेचे अधिकारी आणि नागरिक वर्षानुवर्षे त्या गल्ल्यांतून एकत्र चालले, तेव्हा कोणती वाट कुठे निघते हे प्रशासनाला पायांनी कळले. गिरगावसाठी पालिकेने अशी पदयात्रा काढली, तर तिचा मार्ग, वेळ आणि नियम रहिवाशांनी ठरवावेत. रोज इथून चालणाऱ्याची सोय आधी, पाहुण्याची नंतर.

वाहतुकीचा आणि अतिक्रमणाचा मुद्दा थोडक्यात घेतो. दिल्लीच्या चांदणी चौकात सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता दिवसा मोटारींना बंद करून २०२१ मध्ये पादचाऱ्यांना दिला गेला, आणि पुढे देखरेख ढिली पडली तशी गाड्यांची घुसखोरी सुरू झाली, असे सांगून अशा योजना फसतात असा निष्कर्ष काढला जातो. मला त्यातून एवढेच दिसते, की फरसबंदी एकदा करता येते पण देखरेख रोज करावी लागते. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात रोजच्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले होते. सागरी किनारा मार्गावर आपण बारा हजार कोटींहून अधिक खर्च केला आणि त्याचे दक्षिण टोक गिरगावाला लागूनच प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलाशी आणून सोडले. त्या खर्चापुढे गल्ल्यांच्या फरसबंदीचा, दिव्यांचा आणि राखणीचा खर्च किती लहान आहे, हे आपण जाणता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळेमुक्त पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. तेव्हा हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही.

आपल्याकडून जे हवे आहे त्याला नवा कायदा लागत नाही. सी आणि डी विभागांच्या अभियंत्यांनी ठाकूरद्वार ते ऑपेरा हाऊस या पट्ट्यातल्या सर्व वाड्या चालून पाहाव्यात आणि आरपार वाटांचा नकाशा तयार करून रहिवाशांच्या हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. इमारत प्रस्ताव विभागाने पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला तो नकाशा जोडणे बंधनकारक करावे, म्हणजे कोणती वाट गिळली जाते आहे हे मंजुरी देणाऱ्याला सही करण्याआधी दिसेल. पोडियमचा रॅम्प मोठ्या रस्त्यावर निघावा, वाडीच्या वाटेवर निघू नये. भोगवटा प्रमाणपत्र देताना वाट प्रत्यक्ष उघडी आहे का, फाटक बसले आहे का, हे जागेवर जाऊन तपासावे. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्या यादीत गिरगावची जी इमारत येईल, तिच्याभोवतीची वाट त्याच आठवड्यात मोजून नोंदली जावी, कारण इमारत रिकामी झाल्यावर पत्रे ठोकले जातात आणि मग ती वाट कुठून कुठे जात होती हे सांगायला तिथे कोणी नसते. येत्या पावसाळ्याच्या यादीपासून याची सुरुवात करता येईल. नकाशासाठी लागणारी माहिती प्रत्येक वाडीतले जुने रहिवासी, दुकानदार, पोस्टमन आणि गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते यांच्याकडे आहे. त्यांना बोलावणे विभाग कार्यालयातून जावे, ही विनंती.

कळावे,
मुंबईचा एक नागरिक